स्वच्छ ठोके

यंदा डॉक्टर गुरुदत्तांना तपासून घ्यायला येणाऱ्या साऱ्यांचीच हृदयं निरोगी वाटत होती. स्टेथोस्कोप कानाला लावला की कोपर गावातला गजबजलेला दवाखाना दूर सरायचा आणि भरतीच्या पाण्यासारखे संथ, स्वच्छ ठोके तेवढे उरायचे. आज मासेमारी करणारा परशुराम म्हणाला, “डॉक्टर, वल्हवताना धाप लागते.” त्यांनी मन लावून ऐकलं. “ठणठणीत आहेस रे.” शेजारी नुकतीच डॉक्टर झालेली लेक अंतरा होती. तिनेही परशुरामच्या छातीला स्टेथोस्कोप टेकवला आणि ती दचकली. “बाबा, प्रत्येक ठोक्यामागून फुंकर ऐकू येतेय. झडप गळतेय यांची.” त्यांनी पुन्हा ऐकलं. ठोक्यांमागे तीच सुंदर शांतता. त्यांचा हात हळूच स्वतःच्या कानाकडे गेला. “माझं चुकलं, परशुराम,” ते म्हणाले. मग त्यांनी नंबर लावणाऱ्या मनुबाईंना हाक मारली, “वर्षभरातल्या सगळ्या पेशंटना परत बोलवा. आता अंतरा तपासेल.”