भोंगा

सोनालीच्या ग्रुपला कॉलेजसाठी भयपटाची सुरुवात शूट करायची होती. स्टोरीबोर्डची पहिली चौकट तिने नुसती काळी रंगवली आणि खाली लिहिलं, "कारखान्यातला धोक्याचा भोंगा." आवाज कसा वाटतो ते बघायला ग्रुपमधल्या विपुलने भरदुपारी तिच्याच गच्चीवर स्पीकर लावला.

भोंगा वाजला आणि खाली तिची आई पिठाच्या हातांनी, अनवाणी, एमआयडीसीच्या रस्त्याने धावत सुटली. "सोनाली, तुझे बाबा ड्युटीवर हायत गो!"

सोनालीने आईला हाक मारली. पण त्याआधी मोबाइल उचलून शूट केलं.

फिल्म बघून सर सोनालीला म्हणाले, "काय सुरुवात आहे! भीती अशी दिसली पाहिजे. या बाई कोण?"



"शेजारच्या आहेत, सर."