बाळंतिणीची पेटी

पिल्लं पुढ्यात दूध पीत होती, आणि बारीक कुईंकुईं मात्र बाईसाहेबांच्या पाठीमागून येत होती. सुताराचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

"अहो, एक मागे अडकलंय," बायको म्हणाली. "फळीत आणि तिच्या पाठीत."

बाईसाहेब म्हणजे त्यांची कुत्री. अंगानं वासराएवढी, आणि बाळंतपण पहिलंच. पेटीच्या कडेला पाठ चिकटवून ती आडवी झाली होती, साऱ्या जगाची कामं उरकल्यासारखे डोळे मिटून. मागे आपलंच लेकरू चेंगरतंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

सुतारानं वरून हात आत घातला. तिनं डोळे उघडले आणि घशातल्या घशात गुरगुरली. त्यानं झटकन हात काढून घेतला. परवापर्यंत त्याच्या पायावर डोकं टाकून घोरणारी ही, पिल्लं झाल्यापासून त्याला ओळख दाखवायला तयार नव्हती. बायकोला तेवढी मुभा होती.

बायको पेटीत उतरली. "ऊठ गं, ऊठ माझी बाय." गळ्यात हात घालून तिनं पुढे ओढलं, तर लाड चाललेत असं समजून कुत्री उलट मागेच रेलली. आतली कुईंकुईं एकदम दबली. खाण्याचं भांडं नाकापाशी धरलं, तिकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"दोघं मिळून उचलूया का?" त्यानं विचारलं.

"दचकून उभी राहिली तर बाकीची पायाखाली जातील. फळीच काढा ना बाहेरून!"

"निघत नाही."

"निघत नाही म्हणजे?"

"निघायची सोयच ठेवली नाही मी."

पेटी त्यानंच बनवली होती. जाड सागवानी फळ्या, खाचेत खाच अशी बसवलेली, की एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. घरी येणारा प्रत्येक जण तिच्यावरून हात फिरवून जायचा आणि हा मिशीतल्या मिशीत हसायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की आतून चारी बाजूंनी एक दांडा बसवा, जमिनीपासून वीतभर वर. म्हणजे आईची पाठ फळीला टेकणार नाही, मागे पिल्लू सापडलं तरी त्याला जागा उरेल. "डुकरांचं खोपट दिसेल ते," असं म्हणून यानं ते उडवून लावलं होतं. 'मी सांगितलं होतं' म्हणायची संधी बायकोनं आजवर एकदाही सोडली नव्हती. आता मात्र ती त्यातलं अक्षरही काढत नव्हती.

त्यानं हत्यारांची पिशवी ओढली. मशीनच्या आवाजानं कुत्री बिथरली असती, म्हणून हातानं फिरवायचं गिरमिट घेतलं, आणि अरुंद पात्याची करवत. जमिनीवर पालथा पडून त्यानं फळीला कान लावला. आवाज कुठून येतोय ते पाहिलं, थोडं बाजूला सरकून गिरमिट टेकवलं आणि फिरवायला सुरुवात केली.

"तिचं डोकं धर. काही झालं तरी उठू देऊ नकोस."

"धरलंय. तुम्ही तुमचं बघा."

भोकातून त्यानं करवत घातली. टोक फार आत जाऊ नये म्हणून पातंच मुठीत पकडलं. कालपर्यंत या फळीला साधी बादली टेकलेली त्याला खपत नव्हती. आज तो तिला दात लावत होता, आणि फळी कापली जात नव्हती. मस्त जुनं, कडक लाकूड. किती पारखून आणलं होतं! त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली.

"अहो, आवाज थांबला."

"कळतंय मला!"

घाई केली तर पातं पिल्लाच्या अंगात जाणार, आणि नाही केली तर काढायला काही उरणार नाही. त्याच्या मुठीतून रक्त गळायला लागलं होतं. तो तसाच इंचाइंचानं कापत राहिला. शेवटी तुकडा कटकन हलला. त्यानं तो बाहेर ओढला आणि चार बोटं आत घातली. काहीतरी ऊन, ओलं, मऊ हाताला लागलं. मानेची सैल कातडी चिमटीत धरून त्यानं ते अलगद बाहेर काढलं.

पिल्लू लुळं होतं. जीभ निळसर पडली होती.

"घासा, टॉवेलनं घासा! जोरात. नाजूकपणा नको आता."

त्यानं घासलं. पाठ, छाती, पुन्हा पाठ. पिल्लानं तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. मग ते शिंकलं आणि केवढ्यानं तरी ओरडलं. सुताराला रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

त्या ओरडण्यासरशी कुत्रीनं कान टवकारले.

"तिला कळलंय. द्या लवकर तिच्याजवळ."

"तू दे."

"मी हिला सोडू शकत नाही. तुम्हीच द्या."

पिल्लू तळहातावर घेऊन त्यानं हात पेटीवरून आत नेला. गुरगुर सुरू झाली. त्यानं हात तसाच पुढे ठेवला. कुत्रीनं मान लांब केली आणि त्याचं मनगट जबड्यात धरलं. दात कातडीवर टेकले. तिघांतलं कोणीच हललं नाही.

मग जबडा सैल झाला. तिनं पिल्लाला चाटायला घेतलं, आधी नाक, मग पोट. पिल्लू तळहातावरून घसरून दुधाकडे सरकलं, तरी तिची जीभ थांबली नाही. त्याची बोटं, बोटांवरचा भुसा, मनगट, सगळं ती नेटानं चाटत राहिली.

"काढा की आता हात," बायको हळूच म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. "तिचं व्हायचंय अजून."