आयुष्य बदलायचं राहिलं

वीस हजार पत्रकं तिकोणा पेठेपर्यंत वाटून झाली, आणि मग अल्फियाला कळलं की आपण माती खाल्ली आहे.

पत्रकावर फोटो स्वराजचा होता. नाव स्वराजचं, चिन्हही स्वराजचंच. आतलं आयुष्य मात्र सोपानभाऊंचं.

झालं होतं असं. स्वराज लोकसभेला पहिल्यांदाच उभा होता. सोमाटण्याचा बत्तीस वर्षांचा गडी, घरचं बक्कळ. त्याच्या माणसांना पत्रक संध्याकाळच्या आत हवं होतं. लोणावळ्यात एवढ्या घाईत काम करून देणारं दुकान एकच, अल्फियाचं. तिनं गेल्या निवडणुकीतली सोपानभाऊंच्या पत्रकाची फाइल उघडली. नाव बदललं, फोटो बदलला, चिन्ह बदललं. तेवढ्यात लाइट लुकलुकायला लागली, आणि तिनं घाईघाईनं फाइल छपाईला सोडली. स्वराजनं दिलेला कागद (इंग्रजी शाळा, क्रिकेटची आवड, दोन पेट्रोल पंप) टेबलावर तसाच पडून राहिला.

बरं, भाऊंचं आयुष्य साधंसुधं असतं तर एक वेळ खपून गेलं असतं. पण ते एखाद्या सिनेमासारखं होतं, आणि अल्फियाला तोंडपाठ होतं. पाच वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, तिनंच ते टाइप केलं होतं. भाऊंच्या माणसानं हातानं लिहिलेले दोन कागद आणून दिले होते. आठव्या वर्षी वडील वारले. आई डोंगरातली करवंदं खंडाळ्याच्या घाटात विकायची. पोरगा अनवाणी शाळेत जायचा, पुढे हॉटेलात कपबशा विसळून बी.ए. झाला. पुरात इंद्रायणीत उडी टाकून त्यानं एका म्हातारीला काठावर आणलं. टाइप करता करता अल्फियाला रडू फुटलं होतं. भाऊ प्रूफ बघायला आले. एक नजर टाकून "फोटो जरा मोठा कर" एवढंच म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. स्वतःच्या दुःखाचा बाऊ न करणारा माणूस, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

भाऊ यंदाही उभे होते. आणि अल्फियाच्या दुकानाचा, 'चाँद ग्राफिक्स'चा, गाळा भाऊंच्याच इमारतीत होता.

"अब्बा, ते आपल्याला गाळा खाली करायला लावतील."

"पत्रकाखाली मुद्रक म्हणून आपलं नाव टाकलंयस?" चाँदभाईंनी विचारलं.

"टाकावंच लागतं. कायदा आहे."

"मग लावतील," चाँदभाई म्हणाले. पंचवीस वर्षं त्यांनी याच गाळ्यात लग्नपत्रिका छापल्या होत्या. चारच महिन्यांपूर्वी दुकान लेकीच्या हाती दिलं होतं.

अल्फियानं मनाचा हिय्या करून स्वराजला फोन लावला.

"दादा, पत्रकात चूक झालीये. सगळी परत छापून देते, फुकट."

"चूक? ताई, हात लावू नका त्याला!" स्वराज ओरडलाच. "काल तिकोणा पेठेत रतनबाई म्हणून एक आजी भेटल्या. नातीकडून पत्रक वाचून घेतलं आणि माझ्या गळ्यात पडून रडल्या हो! 'बापाविना वाढलास रे लेकरा' म्हणाल्या."

"अहो, पण तुमचे वडील..."

"शेजारीच उभे होते. हात जोडून."

"काही बोलले नाहीत?"

"घरी आल्यापासून बोलत नाहीयेत. होईल सगळं नीट. ताई, सभांना गर्दी बघा ना! अजून दहा हजार काढा."

अल्फियानं कपाळाला हात लावला. वारलेला बाप शेजारी उभा राहून मतं मागतोय, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही! तिला हसू आवरेना. स्वराजचं काय, त्याचं फावलं. भाऊंचं काय करायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊंची पांढरी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. भाऊ एकटेच उतरले. हातात पत्रक होतं.

"या भाऊ," चाँदभाई धडपडत उठले. "चहा सांगतो."

"ऱ्हाऊ द्या चहा." भाऊंनी काचेचं दार आतून लावून घेतलं. "हे कुणी केलं?"

चाँदभाई काही बोलायच्या आत अल्फिया पुढे झाली. "मी केलं, भाऊ. अब्बांचा यात काही संबंध नाही. जे बोलायचं ते मला बोला."

भाऊंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पत्रक उलगडून टेबलावर पसरलं.

"समदं वाचलं म्या. दोनदा वाचलं. आंबी गावातली मान्सं, ज्यांच्या घरी मी जेवलोय, ती मला सोडून ह्या पोराच्या मागं चाललीत. का, तर हे वाचून. तू काय करून ठिवलंयस, तुला ठावं हाय का?"

"ठाऊक आहे, भाऊ." अल्फियानं हात जोडले. "फार मोठी चूक झाली. मी सगळीकडे सांगीन, माफीही मागीन. फक्त गाळ्याचं तेवढं..."

भाऊंचं तिच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले. अल्फियाला गलबलून आलं. आपण या माणसाची आईसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकली, असं तिला वाटलं.

"पोरी," भाऊ घसा खाकरून म्हणाले, "माझं पत्रक अजून व्हायचंय न्हवं? मग मलाबी असंच कायतरी लिहून दे की. आगं, ह्यातलं एक जरी माझ्या जिंदगीत घडलं असतं, तर मागच्या टायमाला मी पडलोच नसतो!"