धाकटीचा थर

काळ्या पेटीतला जांभळा दिवा लागला आणि बशीतला दगडाचा चुरा पिवळाधमक चमकला. थोरलीने बशी जवळ ओढली.

समुद्राच्या तळाखालून, दोन हजार चारशे मीटरवरून आलेला हा वाळूचा खडक. त्यात तेल असणार, असं भर बैठकीत सांगितलं होतं ते धाकटीने. थोरली तेव्हा म्हणाली होती, की त्या थरात खाऱ्या पाण्याशिवाय काही मिळायचं नाही. अठरा वर्षं ती याच टेबलाशी चुरा धूत, वाळवत, न्याहाळत बसली होती. धाकटीला दगड ओळखायला शिकवलं तेही तिनेच. आणि आज सकाळी बाबांचा फोन आला तो तिला. पण कशी आहेस नाही, काही नाही, पहिला प्रश्न धाकटीच्या तेलविहिरीचा.

ग्रीस असेल, तिने मनाची समजूत घातली. खोदाईच्या नळांच्या आट्यांना ग्रीस फासतात, ते चुऱ्यात उतरतं आणि या दिव्याखाली तेलासारखंच चमकतं. नवखे हमखास फसतात. तिने चुरा पुन्हा धुतला, एक दाणा फोडला, त्यावर रसायनाचा थेंब सोडला. फुटलेल्या दाण्याच्या आतून पिवळे धागे सावकाश झिरपू लागले. ग्रीस बाहेरून चिकटतं. दाण्याच्या पोटात शिरत नाही.

तेवढ्यात दार ढकलून धाकटी आत आली. हातात यादी. कोणते थर तपासायचे ते संध्याकाळच्या आत खोदाईच्या जहाजावर कळवायचं होतं. यादीत नसेल तो थर सिमेंटने कायमचा बुजणार. तोंडचं पाणी पळालेलं, तरी थट्टा सुटत नव्हती. म्हणे, विहीर कोरडी निघाली तर साहेब तिला लाटा मोजायला बसवणार आहेत.

"ताई, काय दिसतंय?"

थोरलीने दिवा बंद केला. "ग्रीससुद्धा असंच चमकतं, बाई."

मत्सराला खोटं बोलावंच लागतं असं नाही. अर्ध्या खऱ्यावरही त्याचं पोट भरतं.

धाकटीने वाद घातला नाही. बशीत डोकावलीही नाही. टेबलावरचं पेन उचलून तिने दोन हजार चारशेची ओळ खोडली आणि दाराकडे वळली.

आता थोरलीला गार वाटायला हवं होतं. पण ती रेघ काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"थांब," ती म्हणाली. "ग्रीस नाही ते. दाण्याच्या आत आहे. तेल आहे."

धाकटी मागे फिरली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आश्चर्य मात्र कुठेच नव्हतं. दाराच्या काचेतून ताईचा चेहरा दिसला तेव्हाच कळलं होतं, म्हणाली.

"मग ओळ खोडलीस कशाला?"

"तू मला दाराबाहेर जाऊ दिलं असतंस होय?"

तिने ती ओळ पुन्हा ठसठशीत लिहिली, ताईच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखं केलं आणि धावत सुटली.

थोरली पेटीसमोर बसून राहिली. तिची स्वतःची स्वतःबद्दल एवढी खात्री कधीच नव्हती. ती खात्रीही पडली होती धाकटीच्याच पदरात.