तिसऱ्या देवळापासून मागे

‘फुलां किती, तां मी सांगूचंय नाय. मी सांगलंय, तर तुझ्याकडे काय रवतलां?’

लहानपणी ऐकलेला आत्याचा हा आवाज कानात होता, म्हणूनच नलिनी गप्प उभी होती. हातात खडू. समोर मुलुंडच्या शाळेतल्या मुली. मागच्या बाकावर बी. टी.चे, म्हणजे शिक्षकी पदवीचे, परीक्षक. गेल्या वर्षी गणिताच्या याच पाठात ती नापास झाली होती. शेरा एवढाच, की बाई मुलींना विचार करू देत नाहीत, उत्तर स्वतःच सांगून टाकतात. यंदा पडली, तर शाळा तिला ठेवणार नव्हती.

फळ्यावर तिनं आत्याचं हुमाण, म्हणजे कोडं, लिहिलं होतं.

तळ्यात बुडयली, फुलां झाली दुणी,
देवाक वायली सारखी मोजुनी,
तिसऱ्या देवळा ओटी झाली सुनी,
सांग माझ्या बाये, फुलां किती?

तळी तीन, देवळं तीन. प्रत्येक देवळाआधी तळं, तळ्यात फुलं दुप्पट. देवळात दर वेळी सारखीच वाहायची, तिसऱ्या देवळात ओटी रिकामी. घरून कमीत कमी किती न्यायची?

“बाई, दहा?”

“करून बघ.”

“उरतात हो!”

मग वह्यांत आकडे मांडले, खोडले जाऊ लागले. रत्नप्रभा म्हणाली, “बाई, थोडं तरी सांगा ना!” परीक्षकांची पेन्सिल कागदावर सरसरली, थांबली. उत्तर जिभेच्या टोकावर होतं. मॅट्रिकच्या वर्षी तिला ते एकटीलाच सापडलं होतं. आत्याला सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक असलेलं तिलाच काय सांगायचं?

नलिनीनं खडू टेबलावर ठेवला.

“बाई,” सुगंधा उठली, “मी देवळातनं उलटी निघू का?”

“देवाला पाठ दाखवतेस होय गं!” कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

“हसा! तिसऱ्या देवळात ओटी रिकामी ना? मग तिथनंच मागे यायचं. तळं लागलं की निम्मं. तीनदा निम्मं व्हायला हवं, म्हणजे आठ-आठ तरी वाहिली असणार. आठाचे चार. चार नि आठ बारा, बाराचे सहा. सहा नि आठ चौदा...”

“सात!” सगळा वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरूनही ‘सात’ आलं. परीक्षक खोकले. पेन्सिलीनं केलेली आकडेमोड त्यांनी घाईनं तळव्याखाली झाकली. जाताना म्हणाले, “निकाल रीतसर येईल, बाई. पण आज घरी गोड करा.”

संध्याकाळी आत्या दारात चिंच फोडत बसली होती.

“झाला काय गो पाठ?”

“छान झाला. तुझ्या हुमाणानं तारलं मला.”

आत्याचे हात थांबले. “पोरींका सुटलां?”

“सुटलं की.”

“मगे? किती फुलां?”

नलिनी हसली. “आता तूही माझी परीक्षा घेणार?”

आत्यानं चिंचोका बोटांत फिरवला.

“परीक्षा कसली गो, बाये! माका तां कधी सुटलांच नाय. तुका तरी सुटात म्हणान घातलंय, आणि इतकी वर्सां वाट बघीत रवलंय.”