आत किती जण?

नव्या गाडीची डिकी गळते का, हे बघायला स्वरूपा आत शिरून बसायची. झाकण लावण्याआधी सोबत काम करणारे ज्योतीरामभाऊ म्हणायचे, "गुडघे पोटाशी घे," मग नियमाप्रमाणे विचारायचे, "आत किती जण?" तिनं "एक" म्हटलं की झाकण बंद. बाहेरून फवारे सुटायचे आणि ती बॅटरीच्या उजेडात थेंब शोधून गळतीवर खडूनं खूण करायची. अंगानं बारीक म्हणून चाकणच्या कारखान्यात तिला घेतलं होतं. मागच्या महिन्यात एकीला दिवस गेल्याचं ठेकेदाराला कळलं. दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. स्वरूपाला पाचवा लागला होता. ढगळ शर्टात पोट अजून लपत होतं. आज शिरताना काठाला घासलं. "आत किती जण?" बाळ पहिल्यांदाच हललं. खडू बोटांत मोडला. "एक." ज्योतीरामभाऊंची नजर तिच्या पोटाकडे गेली. "कुशीवर वळ, पोरी. गुडघे पोटाशी घिऊ नको." त्यांनी झाकण लावलं.