नातीचा अभ्यास

“नातीनं टाकलं असेल,” मी म्हणालो.

आयटीच्या सबनीस मॅडमनी माझा कंपनीचा फोन टेबलावर ठेवला. कंपनीच्या मंजूर यादीबाहेरची सगळी अ‍ॅप आज काढून टाकायची होती आणि ज्याच्या फोनवर सापडतील, त्याचं नाव मॅनेजरसाहेबांकडे जाणार होतं. माझ्या फोनवर सापडलं होतं, लहान मुलांना एबीसीडी शिकवणारं अ‍ॅप.

“घरी खेळते का ती?”

“हो, संध्याकाळी. चुकलंच माझं.”

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आकडे मला वाचता येतात. रोज दुपारी एक ते दीड. म्हणजे गोदामातली जेवणाची सुट्टी.

दिवाळीपासून खोक्यांवर इंग्रजी लेबलं आली होती आणि मी शिकलो मराठी चौथीपर्यंत. तेव्हापासून डबा पटकन संपवून मी फोर्कलिफ्टवरच बसायचो, फोनचा आवाज बंद करून. साहेबांना कळलं असतं, तर फोर्कलिफ्टची चावी दुसऱ्याच्या हातात गेली असती.

मॅडमनी कीबोर्ड पुढे ओढला, काहीतरी टाईप केलं आणि फोन मला परत दिला. अ‍ॅप तसंच होतं.

“मंजूर यादीत घातलंय, तुपेमामा. कुठपर्यंत आली नात?”

माझा जीव भांड्यात पडला.

“सगळं येतं तिला आता,” मी म्हणालो. “फक्त खोकं उलटं ठेवलेलं असलं, की एमचा डब्ल्यू वाचते.”